पहाटेच्या तुटत्या चांदण्या कुणी मोजल्या?

आजचं बोलणं आभाळाबद्दल आहे, आणि थोडं जात्याबद्दलही.

आपल्या आज्या-पणज्या पहाटे तीन-साडेतीनला उठायच्या. घरात घड्याळ नव्हतं. अंगणात येऊन वर बघायचं, तिकांडं कुठवर कललं, शुक्राची चांदणी वर आली का, त्यावरून वेळ धरायची आणि जात्यावर बसायचं. गावात पिठाची गिरणी येईपर्यंत हे असंच चाललं. गिरणी आली तरी पहाटेचं उठणं काही सुटलं नाही. शेणघाण, पाणी, धार, चूल यांच्यासाठी कुठं गिरणी निघाली आहे?

आता यात आभाळाचा संबंध काय? संबंध असा, की तुटते तारे रात्रभरात सगळ्यात जास्त दिसतात ते मध्यरात्रीनंतर, उजाडेपर्यंत. पावसात एसटी पळत असली की पुढच्या काचेवर थेंबांचा मारा होतो आणि मागची काच त्या मानानं कोरडी राहते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पृथ्वीसुद्धा सूर्याभोवती धावत असते, सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटर वेगानं. संध्याकाळी आपण तिच्या मागच्या काचेशी बसलेलो असतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळं मध्यरात्र उलटली की आपण पुढच्या काचेपाशी येतो. मग वाटेतली धूळ समोरून येऊन आदळायला लागते.

म्हणजे बघा. ज्या घटकेला आभाळात सगळ्यात जास्त तारे तुटतात, त्या घटकेला घरोघरी जागं असलेलं माणूस म्हणजे बाई. पाणी आणायला, गोठ्यात जायला, काटक्या आणायला ती अंगणात येणारच. दुर्बिणी लावून बसलेल्या मोठमोठ्या ज्योतिषांनी जेवढे तुटते तारे पाहिले नसतील, तेवढे आपल्या आजीनं येता-जाता पाहिले असतील. पण वहीत त्यांची नोंद झाली नाही, कारण वही तिच्या हातात नव्हती. आज आम्ही तुम्हाला तुटत्या ताऱ्यांच्या मोजणीचा इतिहास सांगणार आहोत. त्यात आपल्यासारख्या साध्या माणसांचा, आणि बायकांचा, वाटा किती मोठा आहे हे ऐकून आम्हालाही नवल वाटलं होतं.

आधी एक गोष्ट साफ करून घेऊ. तारा तुटला असं आपण म्हणतो, पण तारा कधी तुटत नाही. मृगातला एकही तारा आजवर गळून पडलेला नाही. जळताना दिसतो तो अवकाशातला बारीक खडा, बहुतेक वेळा वाळूच्या कणाएवढा, फार तर ज्वारीच्या दाण्याएवढा. एवढ्याशा खड्याचा इतका उजेड पडतो तो त्याच्या वेगामुळं. डिसेंबरात दिसणाऱ्या उल्कांचा वेग सेकंदाला ३५ किलोमीटर असतो. सरळ रेषेत धरलं तर कोल्हापुरातून निघून सहा सेकंदांत पुणं. नोव्हेंबरातल्या उल्का त्याच्या दुप्पट वेगाच्या. असा खडा हवेत घुसला की तापून त्याची वाफ होते, आणि ती वाफ व भोवतालची हवा चकाकते. संपलं. खाली काही येत नाही.

हे खडे येतात कुठून? बहुतेक धूमकेतूंच्या मागं सांडलेले असतात. गळिताच्या हंगामात उसाची ट्रॉली गेलेला रस्ता डोळ्यांपुढं आणा. ट्रॉली केव्हाच कारखान्यावर पोचलेली असते, पण रस्ताभर कांड्या आणि पाचट पडलेलं असतं. धूमकेतूही सूर्याला फेरी घालताना असाच सांडत जातो. पृथ्वीची वाट त्या वाटेला जिथं छेदते, तिथं ती दरवर्षी ठरल्या तारखेला पोचते. त्या रात्री एरवीपेक्षा कितीतरी जास्त उल्का दिसतात. हाच उल्कावर्षाव.

या तारखा इंग्रजी महिन्याच्या असतात, तिथीच्या नसतात. याचं कोडं पडायचं कारण नाही. दिवाळी मागंपुढं होते, कारण ती चंद्राची. संक्रांत १४-१५ जानेवारी सोडत नाही, कारण ती सूर्याची. आपल्या अंबाबाईचा किरणोत्सवही तसाच. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं पश्चिमेकडच्या दारातून आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या पायांशी आणि मग चढत चढत वर जातात. तिथी कोणतीही असो, पृथ्वी आपल्या वाटेवर त्या जागी आली की किरण आत येणारच. उल्कावर्षाव त्याच जातीचा. तिथीचं काम एवढंच, की त्या रात्री चांदणं असेल का अंधार, ते तिच्यावरून कळतं.

जुन्या लोकांनी याला काय म्हटलं? दीड हजार वर्षांपूर्वीच्या वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त उल्कांचे पाच प्रकार केले आहेत: धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा. पुण्य भोगून संपलं की स्वर्गातून खाली येणारे जीव असे दिसतात, असं तो सांगतो. आपल्याकडे कुणी म्हणायचं, गावात कुणीतरी गेलं. कुणी नजर फिरवायचं, कुणी देवाचं नाव घ्यायचं. मनातली इच्छा मागायची ही रीत बहुधा सिनेमातनं आली. ज्याला जे वाटलं ते त्यानं म्हटलं. पण हे सगळं होतंय किती उंचावर, हा प्रश्न विचारायला फार काळ जावा लागला. आणि त्याचं उत्तर दोन विद्यार्थ्यांनी काढलं.

ही १७९८ सालची गोष्ट. जर्मनीतल्या गॉटिंगेन गावात ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग नावाची दोन पोरं शिकत होती. काही मैलांच्या अंतरावर दोघं दोन ठिकाणी रात्री बसले आणि दिसलेली प्रत्येक उल्का कोणत्या ताऱ्याजवळून गेली ते वेळेसकट टिपून ठेवू लागले. यातली युक्ती तुम्ही आत्ता, रेडिओ ऐकता ऐकता करू शकता. एक बोट नाकासमोर धरा. डावा डोळा मिटा, मग उजवा मिटा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडं सरकल्यासारखं वाटतं. बोट जवळ असेल तर जास्त सरकतं, लांब असेल तर कमी. त्या दोघांचे दोन मुक्काम म्हणजे दोन डोळे, उल्का म्हणजे बोट आणि तारे म्हणजे भिंत. एकच उल्का एकाला एका ताऱ्याजवळ दिसली, दुसऱ्याला दुसऱ्या ताऱ्याजवळ. त्या फरकावरून त्यांनी उंची काढली. ती शंभर किलोमीटरच्या आसपास निघाली. ढगांच्या कितीतरी वर. दुर्बीण नाही, यंत्र नाही. दोन जागा, दोन वह्या आणि वेळेचा हिशेब. एक गट पन्हाळ्यावर आणि एक गट कागलला बसला तर आपल्यालाही हे करता येईल.

गंमत अशी, की त्याच उंचीवर कोल्हापूरनंही नजर ठेवली. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं रडार बसवलं, ते साधारण ८० ते १०० किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांचा अभ्यास करण्यासाठी. उल्का जळतात तो हाच थर. विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्र पन्हाळ्यावरही आहे. आपण पन्हाळ्याला जातो ते तबक उद्यान आणि झुणका-भाकरीसाठी. तिथनं लोक आभाळही अभ्यासतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आता त्या मोठ्या रात्रीकडे येऊ. १२ नोव्हेंबर १८३३ची रात्र उलटून १३ची पहाट होत होती. अमेरिकेच्या पूर्व भागात लोकांना जाग आली ती खिडकीतून आलेल्या उजेडानं. बाहेर येऊन बघतात तर आभाळातून तारे बर्फासारखे कोसळत होते. तासाला हजारोंनी. लोक रस्त्यावर गुडघे टेकून बसले, कुणी रडू लागलं. जगाचा शेवट आला असं कित्येकांना वाटलं. आपल्याकडे तेव्हा भर दुपार होती, त्यामुळं इथं कुणाला काही दिसलं नाही.

न्यू हेवन गावात डेनिसन ओल्मस्टेड नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांना शेजाऱ्यांनी उठवलं. त्यांनी जे पाहिलं ते लिहून वर्तमानपत्रात दिलं आणि खाली विनंती केली, की ज्यांनी ज्यांनी हे पाहिलं असेल त्यांनी कळवावं. गावोगावाहून पत्रं आली. ती सगळी लावून पाहिल्यावर ध्यानात आलं, की साऱ्या उल्का आभाळातल्या एकाच जागेतून फाकत येताना दिसत होत्या. ती जागा होती सिंह राशीत, मघा नक्षत्रापाशी जिथं ताऱ्यांचा विळा दिसतो तिथं. त्यावरून कळलं, की हे हवेतलं काही नाही, बाहेरून येतंय. उल्काशास्त्राची सुरुवात पुष्कळ जण इथपासून धरतात. आमचं म्हणणं एवढंच, की या शास्त्राच्या पायात शेकडो साध्या माणसांची पत्रं आहेत.

पण ज्यांना लिहिता येऊ दिलं जात नव्हतं, त्यांनी काय केलं? अमेरिकेच्या दक्षिण भागात तेव्हा काळ्या माणसांना गुलाम म्हणून राबवायचे. त्यांना शिकवणं पुष्कळ ठिकाणी गुन्हा होता. त्यांनीही ती पहाट पाहिली. 'तारे पडले ते वर्ष' म्हणून त्यांच्यात ती लक्षात राहिली, आपल्याकडे जशी दुष्काळाची किंवा महापुराची सालं राहतात. अमुक पोरगं तारे पडले तेव्हा रांगत होतं, असा हिशेब लोक सांगायचे.

त्या घटनेनंतर चार वर्षांनी, १८३७ साली, जॉर्जिया राज्यात हॅरिएट पॉवर्स नावाची मुलगी गुलामीत जन्मली. पुढं गुलामी सुटली, लग्न, मुलंबाळं, शेतीचा तुकडा झाला. आणि ती वाकळा शिवायची. साध्या वाकळा नव्हेत. कापडातून माणसं, जनावरं, चंद्र, तारे कापून ती टाक्यांनी बसवायची, आणि प्रत्येक चौकोनात एकेक गोष्ट असायची. तिची पहिली प्रसिद्ध वाकळ बायबलातल्या गोष्टींची. ती एका प्रदर्शनात पाहून चित्रकला शिकवणाऱ्या एका बाईनं विकत मागितली. हॅरिएटनं दिली नाही. पुढं दिवस वाईट आले तेव्हा ती स्वतःच वाकळ घेऊन गेली, दहा डॉलर मागितले, पाचावर सोडून आली. त्यानंतर ती अधूनमधून त्या घरी जाऊन आपली वाकळ बघून यायची. दागिना गहाण टाकलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरी वाकळ तिनं १८९५ ते १८९८ च्या सुमारास शिवली. पंधरा चौकोन. त्यातला एक चौकोन १३ नोव्हेंबर १८३३ च्या पहाटेचा. तिनं सांगितलेला अर्थ असा: माणसं घाबरली, शेवट आला असं त्यांना वाटलं, रानातली जनावरंसुद्धा आपल्या जागा सोडून पळाली, आणि मग देवानं हात घालून तारे थोपवले. लक्षात घ्या, हे तिनं पाहिलेलं नव्हतं. तिच्या जन्माच्या आधीची ती गोष्ट. आई-आजीकडून, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कानावर आलेलं तिनं साठ वर्षांनी सुईदोऱ्यानं तारखेसकट नोंदवलं. आज ती वाकळ बोस्टनच्या संग्रहालयात आहे आणि पहिली वॉशिंग्टनच्या. ओल्मस्टेड साहेबांचा लेख आणि हॅरिएटबाईची वाकळ, दोन्ही त्या एकाच पहाटेचे कागद आहेत असं आम्ही मानतो.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. विद्वानांनी जुनी बखर-दप्तरं चाळली. चीन, अरबस्तान, युरोप इथल्या लोकांनी 'तारे पडले' म्हणून लिहून ठेवलेल्या नोंदी सन ९०२ पर्यंत मागं गेल्या. त्यांतून दर ३३ वर्षांचा फेर सापडला. त्यावरून १८६६ च्या नोव्हेंबरात पुन्हा वर्षाव होणार असं सांगितलं गेलं, आणि तसा तो युरोपात झाला. त्याच सुमाराला ३३ वर्षांत फेरी मारणारा टेंपल-टटल हा धूमकेतू सापडला. सगळं सांडलेलं पाचट त्याचं. १८९९ साली मात्र साऱ्यांची फजिती झाली. मोठ्या ग्रहांच्या ओढीनं धुळीचा पट्टा बाजूला सरकला होता आणि लोक रात्रभर रित्या आभाळाकडे बघत बसले. १९६६ साली पुन्हा अमेरिकेत धो धो बरसला, तेव्हाही आपल्याकडे ऊन होतं.

मग आलं १९९८. हे तुमच्यापैकी पुष्कळ जणींना आठवत असेल. धूमकेतू फेब्रुवारीत सूर्याजवळून जाऊन आला होता. अंदाज असा, की १७ नोव्हेंबरच्या रात्री, म्हणजे १८ तारीख लागल्यावर साधारण सव्वा वाजता भर येणार. ही वेळ आपल्या बाजूला सोयीची होती. शिवाय अमावास्या दोन दिवसांवर, म्हणजे काळोख. वर्तमानपत्रं रकाने भरून लिहीत होती. महाराष्ट्रभर माणसं शाली-कानटोप्या घेऊन गच्च्यांवर, माळांवर, गडांवर गेली. आभाळाकडे बघायला एवढी माणसं एका रात्री बाहेर पडली, असं क्वचितच झालं असेल. उल्का दिसल्या, पण ज्यांनी वादळाची आशा धरली होती ते हिरमुसले. कारण मोठमोठ्या, डोळे दिपवणाऱ्या उल्का अंदाजाच्या सोळाएक तास आधीच येऊन गेल्या होत्या. १७ च्या पहाटे ज्यांना उठावंच लागलं होतं, त्यांच्या वाट्याला त्यांतल्या काही आल्या. धार काढायला उठलेल्या, एसटी धरायला निघालेल्या, पाणी भरायला गेलेल्या. तारखेचा गजर लावून उठणाऱ्यांपेक्षा रोजच्या कामानं उठणाऱ्यांना जास्त मिळालं, हा हिशेब आम्हाला फार आवडतो.

असं का झालं, तेही नंतर उलगडलं. सोळा तास आधी आलेले ते मोठे खडे धूमकेतूनं १३३३ साली सांडलेले होते. तेव्हा ज्ञानेश्वर माउलींनी समाधी घेऊन ३७ वर्षं झाली होती आणि नामदेव महाराज हयात होते. त्या वेळी सुटलेली माती सहाशे पासष्ट वर्षं फिरत फिरत येऊन आपल्या डोक्यावर जळाली.

आता थोडं मागं जाऊन दोन बायकांना भेटू. विलायतेत हौशी आकाश बघणाऱ्यांची एक जुनी संस्था आहे, तिचा एक उल्का विभाग आहे. पहिल्या महायुद्धात पुरुष लढायला गेले तेव्हा तो विभाग फियामेटा विल्सन आणि ग्रेस कुक या दोघींनी मिळून सांभाळला. विल्सनबाई मूळच्या संगीत शिकवणाऱ्या. १९१० ते १९२० या दहा वर्षांत त्यांनी दहा हजारांवर उल्का टिपल्या आणि सुमारे साडेसहाशे उल्कांचे मार्ग गणितानं काढले. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं १९१६ च्या जानेवारीत पहिल्यांदा बायकांना सभासद म्हणून निवडून घेतलं, त्या पहिल्या यादीत या दोघी होत्या. कुकबाई १९१८ च्या जूनमध्ये उल्का बघत असताना गरुड तारकासमूहात त्यांना एकदम एक नवाच ठळक तारा दिसला. तो पहिल्यांदा पाहणाऱ्या मोजक्या माणसांत त्यांचं नाव लागलं. आभाळ रोज पाहायची सवय होती, म्हणून त्यात नवं काय ते त्यांना कळलं. कणगीतलं धान्य हललं तर घरच्या बाईलाच कळतं, तसं.

आपल्या मराठी मुलखालाही हा नाद नवा नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकात साध्या वाचकांसाठी 'ज्योतिर्विलास' लिहिलं, त्याचं दुसरं नाव 'रात्रीची दोन घटका मौज'. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटं. रात्रीचं आवरल्यावर बाईच्या हाताशी फार तर तेवढाच वेळ उरतो! पुण्यात हौशी लोकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालापासून आहे. आणि जयंत नारळीकर तर आपल्या कोल्हापूरचेच. १९ जुलै १९३८ ला त्यांचा जन्म इथं झाला. त्यांची 'धूमकेतू' नावाची एक गोष्ट आहे. त्यातला हौशी गृहस्थ रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसतो आणि घरच्या बाईला त्या दुर्बिणीचा राग येतो. गोष्ट छान आहे. पण आम्हाला वाचताना वाटत राहिलं, की त्या बाईला एकदा तरी म्हणायचं, ये, तूही बघ. त्याला गरम चहा कोण देत असेल, हे काही वेगळं सांगायला नको.

म्हणून आता आपण बघायचं. उल्का बघायला दुर्बीण लागतच नाही. उलट दुर्बिणीतून आभाळाचा एवढासा तुकडा दिसतो आणि उल्का बाजूनं निघून जाते. उघडे डोळे, उघडं आभाळ आणि अंथरायला एक वाकळ, बस्स.

कधी बघायचं, हे कोल्हापूर जिल्ह्याच्या हवेवर ठरतं. १२-१३ ऑगस्टचा वर्षाव जगभर गाजतो, पण तेव्हा आपल्याकडे गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत ढग. २०१९ च्या ऑगस्टात तर पंचगंगा घरात शिरली होती, वर बघायला कुणाला सवड होती! १७-१८ नोव्हेंबरचा सिंहेचा वर्षाव एरवीच्या वर्षी माफकच असतो आणि मध्यरात्रीनंतरच दिसतो. खिद्रापूरच्या कोपेश्वराला स्वर्गमंडपाच्या गोल छतातून चंद्र पाहायला त्रिपुरी पौर्णिमेला गर्दी होते, तीही याच दिवसांत. पण पौर्णिमा उल्कांच्या काही कामाची नाही. आपल्यासाठी सगळ्यात चांगला तो डिसेंबरातला मिथुनेचा, १३ आणि १४ तारखेच्या रात्रींचा. आभाळ धुतल्यासारखं असतं, थंडी असते, गुऱ्हाळं चालू असतात. हा वर्षाव पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आला तो १८६२ साली, आणि तेव्हापासून वाढतच गेला आहे. याचं पाचट सांडणारा धूमकेतू नाही, फेथॉन नावाचा एक खडक आहे. तो १९८३ साली उपग्रहातून सापडला. आणखी एक सोय म्हणजे यासाठी पहाटेपर्यंत जागावं लागत नाही. रात्री दहा-अकराला पूर्वेकडे तोंड करा. तिकांडं सापडलं की मृग सापडला. मृगाच्या डावीकडे, खालच्या अंगाला शेजारी शेजारी दोन ठळक चांदण्या दिसतात, ते पुनर्वसू. उल्का तिथूनच निघाल्यासारख्या वाटतात, पण दिसतात आभाळभर. दोन-अडीचला ते जवळजवळ डोक्यावर येतं, तेव्हा भर जास्त.

एक-दोन भीती आधीच काढून टाकतो. डोक्यावर काही पडेल का? वर्षावातले कण इतके बारीक असतात की वरच संपतात. दगड पडतात ते वेगळे आणि फार क्वचित. नागपूरकडे काटोलला २२ मे २०१२ रोजी पडले होते. बुलढाण्याचं लोणार सरोवर तर हजारो वर्षांपूर्वीच्या मोठ्या आघाताचं. दुसरी भीती खरी आहे: अंधार. शेताच्या बांधावर जाऊ नका. साप आहे, आणि पन्हाळा-राधानगरीच्या बाजूला गवाही उतरतो. ज्यांना रात्रपाळीच्या विजेमुळं पाणी पाजायला शेतात जावंच लागतं, त्या ही भीती रोजच काढतात, त्यांना आम्ही काय सांगणार? गटातल्या जिच्या घराला गच्ची आहे तिथं पाच-सहा जणींनी मिळून जमावं. 'बायका रात्री गच्चीवर काय करतात' असं कुणी विचारलं तर त्यालाही वर बोलवावं. आणि गावातले मोठे खांबावरचे दिवे बंद करा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. स्टँडवर, पाणवठ्याच्या वाटेवर उजेड पाहिजेच. पण तो वाटेवर पडावा. अर्धा उजेड आभाळात जातो, त्याचं बिल ग्रामपंचायत भरते. दिव्यावर वरून झाकण असलं की वाटही उजळते आणि चांदण्याही दिसतात. ग्रामसभेत मांडायला हा विषय वाईट नाही.

गच्चीवर वाकळा अंथरून डोकी मधोमध, पाय चहूदिशांना, असं झोपावं. म्हणजे कुठलीच बाजू सुटत नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि मोबाइल एकदा पाहिला की ती सवय मोडून पुन्हा पहिल्यापासून. बॅटरी लागलीच तर तिला ओटीतला लाल ब्लाउजपीस दुहेरी गुंडाळा, लाल उजेडानं डोळे फारसे दिपत नाहीत. पेपरात तासाला शंभर-सव्वाशे उल्का असं छापून येतं. तो आकडा अगदी काळं आभाळ आणि पुनर्वसू डोक्यावर, असं धरून काढलेला असतो. गावाच्या उजेडात वीस-तीस दिसल्या तरी चांगलं. पहिली पंधरा मिनिटं काहीच दिसणार नाही, मग एकदम तीन दिसतील. उठून जाऊ नका.

मोजायचं कसं, तर वर बघताना वहीत लिहू नये. तेवढ्यात एखादी निसटते. उशाला चिंचोके घ्या आणि दोन वाट्या. पुनर्वसूच्या बाजूनं आलेली उल्का असेल तर उजवीकडच्या वाटीत चिंचोका, भलतीकडून आलेली भटकी असेल तर डावीकडच्या. तास झाला की चिंचोके मोजून मगच वहीत लिहा. तारीख, किती वाजता सुरू केलं, किती वाजता थांबलात, दोन्ही वाट्यांतले आकडे, ढग होते का, आणि दिसणाऱ्या चांदण्यांत सगळ्यात मंद कोणती. प्रत्येकीचा आकडा वेगळा लिहा, बेरीज करू नका. एकच उल्का दोघींना दिसलेली असू शकते. अशा साध्या डोळ्यांनी केलेल्या नोंदी आंतरराष्ट्रीय उल्का संघटना १९८८ सालापासून जगभरातून गोळा करते. घरातल्या कॉलेजच्या पोरीला सांगितलं तर ती मोबाइलवरून पाठवून देईल. नोंदीवर नाव मात्र जिनं मोजलं तिचं घालायला सांगा.